लेकीसाठी घेतलेली पारू: १३ वर्षांची घोडी, १,६०,००० रुपये आणि १४ महिन्यांचा अनुभव

पारू आमच्या गोठ्यात आली त्याला चौदा महिने झाले. इतके दिवस मी मुद्दाम काही लिहिलं नाही. घोडं घेतल्यावर पहिले दोन महिने सगळेच खूश असतात. एक पावसाळा, एक दिवाळी आणि एक उसाचा हंगाम निघाल्याशिवाय मुलाच्या घोड्याबद्दल कुणी काही सांगू नये असं माझं मत आहे. आता तिन्ही निघाले, म्हणून सांगते.

मी बेळगावात शहापूरला राहते आणि एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते. खानापूर रोडला आमचं थोडं शेत आहे, तिथे दोन म्हशी आहेत आणि माझे सासरे बहुतेक दिवस तिथेच असतात. मामंजींनी उमेदीची वर्षं बेळगाव स्टेशनवर टांगा हाकण्यात घालवली. टांगे गेले, घोडी गेली, पण घोड्याकडे बघायची त्यांची नजर तशीच राहिली. हे आधी सांगते, कारण ते सोबत नसते तर मी तिसऱ्याच घोड्याला फसले असते.

लेकीने दीड वर्ष घोडेस्वारीच्या क्लासच्या घोड्यांवर बसून काढलं. मग क्लासच्या सरांनी मैदानात तीन निळी प्लास्टिकची पिंपं मांडली आणि आमच्या घरात बॅरल रेस हा शब्द शिरला. हा खेळ अमेरिकेचा. तिथे १९४८ साली टेक्ससमध्ये बायकांनी स्वतःची रोडिओ संघटना काढली, आणि त्यांच्या जोरावर हा खेळ बायका-मुलींचा म्हणून वाढला. त्रिकोणात तीन पिंपं, प्रत्येकाला एक वेढा घालायचा आणि सरळ रेषेत परत सुटायचं. मापाच्या मैदानात पहिल्या दोन पिंपांमध्ये ९० फूट आणि त्या दोन्हींपासून तिसरं १०५ फुटांवर. पिंप आडवं झालं की वेळेत ५ सेकंद वाढतात. सरांचं मैदान लहान आहे, म्हणून त्यांनी अंतरं आखडली आहेत. दंड मात्र तोच ठेवलाय.

बघायला सोपं वाटतं. घोड्याच्या बाजूने विचार करा. भरधाव यायचं, पिंपाजवळ वेग तोडायचा, अंग वाकवून वळायचं, लगेच पुन्हा सुटायचं, आणि हे तीन वेळा. काही घोडी चार-पाचदा पळवली की पुढच्या वेळी मैदानाच्या फाटकातच पेटतात. नुसतं पिंप दिसलं तरी जागेवर नाचायला लागतात. मोठ्या माणसाला ते सांभाळता येईल. तीस किलोच्या पोरीला येणार नाही. म्हणजे आम्हाला एकाच कातडीत दोन स्वभाव हवे होते: मागितलं की पळणारं आणि लगाम सैल सोडला की उभं राहणारं.

तिकडे अमेरिकेत अशा घोड्यांचा वेगळा भाव आहे. पंधरा-सोळा वर्षांचं, पोरांना घेऊन शेकडो वेळा पिंपं फिरलेलं घोडं तिथे तरण्या घोड्यापेक्षा महाग जातं. शिवाय तिकडच्या पुष्कळ स्पर्धांत वेळेनुसार गट पाडतात. सर्वांत वेगवान वेळेपेक्षा अर्धा सेकंद मागे असलेल्यांचा दुसरा गट, त्याहून मागच्यांचा तिसरा, आणि प्रत्येक गटाला वेगळं बक्षीस. त्यामुळे सावकाश पण खात्रीच्या घोड्यालाही मान मिळतो. आपल्याकडे हा भाव कुणी लावत नाही. आपला बाजार उंची बघतो, रंग बघतो, भोवरे बघतो. नुकरा म्हणजे पांढरं शुभ्र असेल तर वरातीवाले रांग लावतात. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असेल तर पंचकल्याणी म्हणून किंमत चढते. ‘पोराला पाडणार नाही’ या गुणाला रकाना नाही. तो रकाना आपणच आखायचा आणि त्यात आकडा आपणच भरायचा. माझा सगळा खटाटोप त्यासाठी होता.

घोडी बघायला निघण्याआधी मी वहीत दीड लाख लिहिलं आणि खाली रेघ मारली. तपासणी आणि वाहतूक त्यातच.

पहिलं घोडं अथणीच्या बाजूला बघितलं. पंचकल्याणी, कुमैत रंग, चार वर्षांचं, मारवाडी रक्ताचं. मागणी २,२५,०००. इतकं देखणं जनावर मी जवळून कधी बघितलं नव्हतं. कानांची टोकं एकमेकांना भिडलेली आणि त्वचेवर तेल ओतल्यासारखी चमक. लेक तर बघतच राहिली. मालक कन्नड बोलणारे, अतिशय सज्जन. ‘एनू माडल्ला, अक्का,’ म्हणत राहिले, काही करत नाही हो. खरंच त्याने काही केलं नाही. पण चार वर्षांच्या घोड्याने अजून काही बघितलेलंच नसतं. शिकाऊ घोडं आणि शिकाऊ पोर यांची जोडी लावू नये हे सरांनी बजावलं होतं, आणि मामंजींनी गाडीत बसता बसता तेच म्हटलं. त्या मालकांबद्दल तक्रार नाही. मोठ्या, जाणत्या स्वाराला ते घोडं सोनं ठरलं असतं.

दुसरं रेसकोर्सवरून निवृत्त झालेलं थरोब्रेड, सात वर्षांचं, साडेपंधरा हातांच्या वर उंच (घोड्याच्या मापातला हात म्हणजे चार इंच). मागणी फक्त ७५,०००. इतक्या स्वस्तात इतकं घोडं म्हणून माझे मिस्टर हुरळले होते. सरांनी क्लासमधल्या मोठ्या मुलाला बसवून पिंपांभोवती फिरवलं. वळणं छान घेतली. पण तिसरं पिंप सुटल्यावर ते थांबेना. लगाम जितका ओढला तितकं पुढे झेपावत गेलं, आणि कुंपणालगत तीन फेऱ्या मारून दमल्यावर थांबलं. त्याची काही चूक नव्हती. लगाम ताणला की तोंड टेकवून पळायचं हीच त्याची आयुष्यभराची शिकवण. ती पुसून नवी घालायला महिने लागतात आणि जाणता माणूस लागतो. त्या ७५,००० मध्ये हा खर्च धरलेला नव्हता. स्वस्त होतं ते यासाठी.

तिसऱ्याबद्दल सविस्तर सांगते, कारण इथेच माणूस फसतो. ज्यांनी ते दाखवलं त्यांचं नाव-गाव लिहीत नाही. मागणी ६०,०००, ‘लहान पोरं शेपटी ओढतात’ असं वर्णन, वय आठ सांगितलेलं. आम्ही दुपारी चारला गेलो. घोडं खोगीर घालून, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा आवळून तयार उभं होतं. मान खाली, खालचा ओठ लोंबलेला. लेक बसली, चाललं, दुडकीही मारली. तोंडाजवळ हात नेला तरी कान हलवला नाही. मला तर पर्स उघडावीशी वाटत होती.

मामंजी पुढे झाले आणि त्यांनी ओठ वर केला. वरच्या जबड्यात कोपऱ्याच्या दातावर एक उभी खाच असते. घोड्याला दहावं लागलं की ती हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्याच्या सुमाराला दाताच्या निम्म्यापर्यंत उतरते आणि विसाव्याला टोकाला पोचते. या घोड्याची खाच निम्म्याच्या खाली गेलेली होती. मामंजींनी काही न बोलता ओठ सोडला. मग त्यांनी छातीवर आणि खांद्यावर हात फिरवला. तिथे केस गेलेले, कातडी गुळगुळीत झालेली, अगदी पट्टा बसतो त्या जागी. ‘गाडीचं घोडं हाय हे,’ मला बाजूला घेऊन म्हणाले. ‘शर्यतीच्या गाडीचं. उद्या सकाळी न सांगता यायचं.’

चिकोडी, रायबाग, तिकडे कोल्हापूर-सांगलीच्या गावांत घोडागाडीच्या शर्यतींचं केवढं वेड आहे ते आपल्याला ठाऊक आहे. त्या घोड्याला मागे आरडाओरडा ऐकू आला की पळायचं एवढंच शिकवलेलं असतं. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाऊन उभे राहिलो. तेच घोडं, पण तेच जनावर नव्हतं. डोळे फिरवत होतं, एका जागी ठरत नव्हतं, आणि रस्त्यावरून मोटारसायकलवर कुणी ओरडत गेलं तर दोरीला असा हिसका दिला की खुंटा हलला. आदल्या दुपारी ते इतकं सुस्त कशाने होतं ते मी सांगू शकत नाही. एवढंच सांगते की घोडं एकदाच, ठरलेल्या वेळी, तयार करून ठेवलेलं बघून कुणीही पैसे देऊ नका. त्याला गोठ्यातून काढताना बघा, खरारा करताना बघा, खोगीर चढवताना बघा. आणि तोंडातला लगाम काढून हातात घेऊन बघा. काटेरी लगामावर जे घोडं शांत दिसतं ते दुखण्याने दबलेलं असतं. जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी असा लगाम बंद केलाय, तरी तो अजून सर्रास दिसतो.

त्या रात्री लेक रडली. तिला ते घोडं आवडलं होतं. मी तिच्याजवळ बसून राहिले, समजावलं नाही.

मग दोन महिन्यांनी पारू.

संकेश्वरावरून पुढे गडहिंग्लजच्या अलीकडे एक शेतकरी कुटुंब आहे. त्यांचा मुलगा आणि मुलगी दोघंही या घोडीवर शिकली. मुलगा नोकरीला लागला, मुलगी शिकायला पुण्याला गेली. घोडी तेरा वर्षांची, उंची १३.२ हात, म्हणजे तेरा हात दोन इंच, खांद्यापाशी साधारण १३७ सेंटिमीटर. रंग साधा कुमैत. पांढरा ठिपका कुठेच नाही. डाव्या कानाचं टोक लहानपणी कुत्र्याने तोडलेलं. पोट जरा सुटलेलं. आमच्या सोबत आलेला दलाल तिला बघून हसला आणि म्हणाला, बाजारात सत्तर-ऐंशी हजार. मालकांची मागणी होती दोन लाख.

मी काकांना विचारलं, ‘काका, दोन लाख कशाचे?’

ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘ताई, घोडीचं सत्तरच हाईत. वरचं आमच्या पोरांच्या नऊ वर्सांचं हाईत.’ आणि त्यांनी लेकीच्या हातात दोरी देऊन सांगितलं, ‘जा बाळ, तिला पाण्यावर घेऊन जा.’ लेक एकटी घोडी घेऊन विहिरीकडे गेली. वाटेत उसाची ट्रॉली आली, ती जोरात गाणी लावून चाललेली. माझ्या पोटात गोळा आला. घोडीने मान वळवून ट्रॉलीकडे बघितलं, लेकीच्या खांद्याला नाक लावलं आणि चालत राहिली.

तरी मी लगेच होकार दिला नाही. बारा दिवसांची चाचणी मागितली, घोडी आमच्याकडे नेऊन. बहुतेक विकणारे याला तयार होत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर असतं. बारा दिवसांत घोड्याला पोटशूळ उठला, पाय मुरगळला तर कुणी भरायचं? आम्ही कागदावर लिहिलं: साठ हजार इसार, घोडीला काही झालं तर तेवढ्यापर्यंत जबाबदारी आमची, पटली नाही तर पूर्ण परत. त्यांनीही अटी घातल्या. काकूंनी आमचा गोठा फोटोत बघितला, मामंजींना विचारलं की चंदी कोण घालणार, रात्री जवळ कोण झोपणार. पुढे कधी विकायची झाली तर आधी आम्हाला फोन करायचा, हेही लिहून घेतलं. ज्याला घोडं कुठे जातंय याची काळजी असते त्याच्या बोलण्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

तपासणीला पशुवैद्य डॉक्टरांना बोलावलं, ३,५०० रुपये. हा खर्च वाचवू नका. त्यांनी एकेक पाय मिनिटभर दुमडून धरला आणि सोडल्या सोडल्या दुडकी पळवलं. सांधा दुखत असेल तर पहिल्या काही पावलांत लंगड दिसते. पारूचा मागचा उजवा पाय किंचित आखडला, दहा पावलांत मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, लहान मुलाच्या वजनाला चालेल, रोज हलकं फिरवत राहा. डोळे, छाती, खूर तपासले. रक्त घेतलं. सर्रा, म्हणजे माश्यांमुळे पसरणारा रक्तातला रोग, आहे का ते बघायला, आणि ग्लँडर्ससाठी. ग्लँडर्सची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राशी जोडलेली आहे, त्यामुळे अहवालाला वेळ लागतो. पण तो रोग माणसालाही होतो, घोड्यावर उपचार करत नाहीत, आणि घोडं बाधित निघालं तर सरकारी आदेशाने त्याला मारावं लागतं. ज्या जनावराच्या गळ्यात माझी पोर दिवसभर हात टाकून असणार, त्याची ही तपासणी मी सोडणार नव्हते. काकांनी अहवाल येईपर्यंत घोडी दुसऱ्या कुणाला दाखवली नाही, हे त्यांचे उपकार. महाराष्ट्रातून कर्नाटकात गाडीतून आणताना पशुवैद्याचा दाखलाही सोबत ठेवला.

बारा दिवसांत काय काय केलं ते सांगते. रोज वेगळ्या वेळी खोगीर घातलं. एकटीला रस्त्यावर नेलं आणि परत आणलं. घराकडे तोंड वळल्यावर घोडं ओढ घेतं का ते तिथे कळतं. डोळ्यासमोर छत्री उघडली, प्लास्टिकचं पोतं ओढलं. दोन दिवस अजिबात न फिरवता नुसतं बांधून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी आधी सरांना, मग लेकीला बसवलं. चंदी खाऊन आराम झालेलं घोडंच खरा स्वभाव दाखवतं. शेवटी पिंपं. लेकीने तिला चालत फिरवलं, मग दुडकीत, मग कॅंटरला. सगळ्यात शेवटी जोरात एकदा. तिसरं पिंप सुटल्यावर पारू खरंच पळाली, कान मागे टाकून. फाटकापाशी लेकीने लगाम सैल सोडला आणि मागे रेलली, तशी घोडी चार ढांगांत चालीवर आली. मान खाली घातली, फुरफुरली आणि उभी राहिली. सरांनी घड्याळात वेळ बघितली नाही. ते घोडीच्या पोटाकडे बघत होते, श्वास किती लवकर बसतो ते. मला म्हणाले, ‘मॅडम, पैसे या थांबण्याचे द्यायचे. पळायला सगळीच पळतात.’

त्या रात्री मी वही काढली. दीड लाखाच्या रेघेखाली हिशेब मांडला. ऐंशी हजाराचं तरणं घोडं आणलं, तर शिकवणाऱ्याचे महिन्याला आठ हजार, वर्षभर: ९६,०००. त्या वर्षाच्या चंदी-चाऱ्याचे साठेक हजार. झाले २,३६,०००. आणि वर्षाच्या शेवटी ते पोरांच्या लायकीचं होईल याची हमी नाही. शिवाय लेकीचं एक वर्ष वाट बघण्यात जाणार. त्या काकांनी ही सगळी वर्षं, धडपड, चुका आधीच भरलेल्या होत्या. दुसऱ्या बाजूने: पारू तेरा वर्षांची. नीट ठेवली तर हलकं काम विसाव्या वर्षापर्यंत सहज करेल. लेकीला ती फार तर पाच वर्षं पुरेल, मग पाय लोंबायला लागतील. १,६०,००० ला पाचाने भागलं तर वर्षाला ३२,०००. पाच वर्षांनी तिची विक्रीची किंमत मी शून्य धरली. म्हातारी घोडी विकून पैसे करायचे नाहीत हे आमचं आधीच ठरलं होतं.

आणखी एक आकडा आहे आणि तो सगळ्यांनी मांडून बघावा. पारूवर महिन्याला आमचे सरासरी ९,५०० जातात. वर्षाचे १,१४,०००. म्हणजे खरेदीची किंमत दीड वर्षाच्या पोसण्याच्याही आत येते. ऐंशी हजार वाचवायला चुकीचं घोडं आणलं, तर ते चुकीचं घोडंही दरमहा तेवढंच खाणार. चंदीला त्याचा स्वभाव कळत नाही.

म्हणून मी माझी रेघ ओलांडली. काकांना १,४०,००० म्हटलं, ते १,८०,००० वर आले, आणि मामंजींनी १,६०,००० वर दोघांचे हात एकमेकांत दिले. टॉवेलाखाली बोटं धरायचा प्रकार आम्ही केला नाही, आकडे उघड्यावर बोललो. त्यात तिचं जुनं खोगीर, तोबरा आणि खरारा दिला. वाहतूक ४,५०० वेगळी. तपासणी धरून एकूण १,६८,०००. ठरवल्यापेक्षा अठरा हजार जास्त. ते मी सोन्याच्या भिशीतून काढले आणि त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

आता चौदा महिन्यांत दिसलेले दोष.

पारू सावकाश आहे. आमच्या छोट्या मैदानावर तिची चांगल्यात चांगली वेळ २६ सेकंदांच्या आसपास, आणि क्लासमधली तेज घोडी २१ मध्ये परत येते. ज्यांना पोराने पहिल्या वर्षी बक्षीस आणावं असं वाटतं त्यांनी अशी घोडी घेऊ नये. उजवीकडे वळताना ती कडक होते, मागच्या त्याच पायामुळे. सरांनी त्यावर तोड काढली. पहिलं पिंप उजव्या हाताचं घेतलं तर एक वळण उजवं आणि पुढची दोन डावी येतात, आणि नियमात दोन्ही दिशा चालतात. तंग आवळताना ती वळून चावायला बघते. एकदम न आवळता तीन वेळा थोडा थोडा आवळला की शांत राहते. लेकीला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. म्हशींची तिला भारी ओढ लागली आहे. म्हशी चरायला गेल्या की खिंकाळत राहते, आणि मैदानावर पहिली दहा मिनिटं तिचं लक्ष नसतं.

पावसाळा जड गेला. खानापूर रोडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. पाय सतत ओले राहून दोन खुरांच्या तळव्याला कुजका वास यायला लागला. खूर रोज खरवडून कोरडा करायचा, खाली भुश्शाऐवजी फळ्या टाकायच्या, असं महिनाभर चाललं. जून ते सप्टेंबर पिंपं पूर्ण बंद ठेवली. आमची तांबडी माती ओली झाली की साबणासारखी होते, त्यावर वळण घेताना घोडं आडवं झालं तर खाली पोर असते. नालबंदाचाही प्रश्न आहे. बैलांना पत्री मारणारे अजून मिळतात, घोड्याचा नाल नीट बसवणारा बेळगावात सहज मिळत नाही. आमचे नालबंद मिरजेकडून येतात, सहा-सात आठवड्यांनी, चार-पाच घोडी एकत्र असतील तेव्हाच. हा खर्च आणि ही वाट बघणं आधीच धरा.

दिवाळीत फटाक्यांच्या दोन रात्री मामंजी गोठ्यातच झोपले. पारू घामेजली, पण दावं ओढलं नाही.

आणि एक दिवस असा आला की त्याची किंमत मला लावता येत नाही. फेब्रुवारीत सरावाला दुसऱ्या पिंपापाशी लेकीचा डावा पाय रिकिबीतून सुटला. खोगीर थोडं फिरलं आणि ती घोडीच्या मानेवर लोंबकळली. मी कुंपणाबाहेर होते, पंचवीस-तीस पावलांवर. पळत आत शिरेपर्यंत पारू थांबलेली होती. पुढचा एक पाय तिने उचललेला होता आणि तो तसाच धरून ठेवला होता, कारण लेकीचा हात त्याच्या खाली आला होता. लेक सरकत मातीत उतरली. घोडीने मग पाय बाजूला टेकवला. त्या दिवशी मी मैदानातच बसून रडले. खोगिराचा तंग मीच आवळला होता, दोनदाच, तिसऱ्यांदा राहिला होता. तेव्हापासून बसण्याआधी तंग दोन माणसांनी तपासायचा असा नियम आहे, आणि पाय अडकला तर आपोआप सुटणाऱ्या रिकिबी घेतल्या. हेल्मेट तर पहिल्या दिवसापासून आहेच. त्याशिवाय सर कुणालाच बसू देत नाहीत.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी घोडी द्याल का म्हणून मंडळाची मुलं आली होती. पारू ढोलाला बुजणार नाही, याची मला खात्री आहे. तरी नाही म्हटलं. रात्रभर डांबरावर, अनोळखी हातांत, गर्दीत उभं राहून जे बिघडतं ते परत बसवायला आमच्याकडे दुसरी नऊ वर्षं नाहीत. मुलांनी समजून घेतलं.

गेल्या महिन्यात सरांच्या ओळखीच्या एकाने पारूचे १,८०,००० देऊ केले. मी ठरल्याप्रमाणे आधी काकूंना फोन केला, विकायची नाही पण कानावर घालते म्हणून. त्यांनी घोडीची तब्येत विचारली, कान बरा आहे का विचारलं आणि म्हणाल्या, ‘पोरीला म्हणावं, सुट्टीत घिऊन ये तिला एकदा.’

परवा निपाणीच्या एका आईचा फोन आला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलासाठी कुणी नव्वद हजाराला घोडं देतंय, घेऊ का विचारत होती. मी आकडा सांगितला नाही. तिला म्हटलं, रविवारी सकाळी मुलाला घेऊन आमच्या शेतावर या. तो पारूवर बसू दे, तिला पाण्यावर नेऊ दे, खोगीर उतरवू दे. मग संध्याकाळी ते नव्वद हजाराचं घोडं बघायला जा, मामंजी तुमच्या सोबत येतील. आणि सोमवारी सकाळी सातला, न सांगता, परत जा.